उष्णता अडते कुठे?

प्रोसेसरचे तापमान नव्वदीच्या पुढे गेलेले दिसले की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो नवा कूलर घेण्याचा. विचार वावगा नाही, पण तो फार लवकर येतो. सिलिकॉनच्या चिपमध्ये तयार झालेली उष्णता खोलीतल्या हवेत मिसळेपर्यंत अनेक टप्पे ओलांडते: चिपमधून तिच्यावरच्या धातूच्या झाकणात, झाकणावरून थर्मल पेस्टमधून कूलरच्या तळाशी, तिथून हीट पाइपमधून पातळ पत्र्यांमध्ये, पत्र्यांवरून वाहत्या हवेत आणि शेवटी कॅबिनेटमधून खोलीत. यातल्या ज्या टप्प्यावर ती खोळंबते तिथे उपाय केला तर तापमान उतरते. दुसरीकडे कितीही पैसे घातले तरी फरक नाममात्र पडतो. म्हणून ‘कोणता कूलर घेऊ?’ या प्रश्नाच्या आधी ‘उष्णता अडते कुठे?’ हा प्रश्न सोडवावा, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. या प्रश्नाचे उत्तर घरच्या घरी, फारशी साधने नसतानाही मिळवता येते.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. प्रोसेसर जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. एएमडीचा रायझन ५ ७६०० हा मध्यम ताकदीचा प्रोसेसर घ्या. तो पूर्ण भाराखाली ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो आणि त्याचे सगळे कोअर सुमारे ७१ चौरस मिलिमीटरच्या एका तुकड्यावर असतात. त्या तुकड्याच्या वाट्याला ७० वॅट आले असे धरले, तर दर चौरस मिलिमीटरला एक वॅट पडतो. १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर तिथे दर चौरस मिलिमीटरला ०.०५ वॅट येतो. म्हणजे इस्त्रीच्या तळापेक्षा वीसपट दाट उष्णता नखाएवढ्या जागेतून सतत काढत राहायची असते. नव्या पिढीचे प्रोसेसर कमी वीज खातील आणि हा प्रश्न आपोआप मिटेल, ही आशाही फोल आहे. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले होते की ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसे त्यांचे व्होल्टेजही कमी करता येईल आणि तेवढ्याच क्षेत्रफळात तेवढीच वीज लागेल. सुमारे तीस वर्षे हे बऱ्याच अंशी खरे ठरले. २००५च्या आसपास व्होल्टेज आणखी उतरवणे अवघड झाले, कारण ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज झिरपू लागली. तेव्हापासून चिपचा तुकडा लहान होतो आणि त्यातली उष्णता दाट होत जाते.

या उष्णतेचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक टप्प्याचा अडथळा ‘दर वॅटमागे किती अंश’ या मापात सांगतात. समजा, एका संगणकात चिप ते झाकण हा अडथळा ०.२, पेस्टचा ०.०५, कूलर ते हवा ०.२ आणि कॅबिनेटचा ०.०५ आहे. बेरीज झाली ०.५. प्रोसेसर १०० वॅट घेत असेल तर चिप खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त तापेल, म्हणजे २५ अंशांच्या खोलीत ७५ अंश. आता कूलर बदलला आणि त्याचा अडथळा चक्क निम्म्यावर आला, तरी फायदा दहाच अंशांचा होतो, कारण बाकीचे टप्पे तसेच राहतात. उलट प्रोसेसरची वीज १०० वरून ८० वॅटवर आणली, तर प्रत्येक टप्प्यावरची वाढ एक पंचमांशाने घटते आणि नेमका तेवढाच, दहा अंशांचा, फायदा एक रुपयाही न खर्चता मिळतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण त्यांतला नियम प्रत्येक संगणकाला लागू पडतो. कूलर फक्त स्वतःच्या टप्प्याचा अडथळा कमी करतो.

इंटेलच्या इतिहासात याचा ठळक पुरावा सापडतो. २०११च्या कोअर आय७ २६००के या प्रोसेसरची जाहीर उष्णता (टीडीपी) ९५ वॅटची होती. २०१२ मध्ये आलेल्या आय७ ३७७०केची होती ७७ वॅट. वॅट कमी, म्हणून तापमानही कमी असायला हवे होते. प्रत्यक्षात वेग वाढवून वापरणाऱ्यांना नवा प्रोसेसर जास्त गरम आढळला. कारण चिप आणि झाकण यांच्यामध्ये आधी धातूचे डाखकाम होते, त्या जागी आता पेस्ट आली होती. शिवाय चिपचा तुकडाही लहान झाला होता. काही हौशी लोकांनी झाकण उचकटून आतली पेस्ट बदलली आणि तापमान लक्षणीय उतरले. बाहेर कितीही मोठा कूलर बसवला असता तरी आतला हा अडथळा तसाच राहिला असता. २०१८च्या आय९ ९९००केमध्ये इंटेलने पुन्हा डाखकाम आणले.

याच हिशेबातून खोलीच्या तापमानाचे महत्त्वही कळते. कूलर चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि चिप यांच्या तापमानांतले अंतर कमी करतो. कूलरच्या बहुतेक चाचण्या २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. नागपूर किंवा चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा वातानुकूलन नसलेल्या खोलीत ३८ अंश असणे नवल नाही. चाचणीत ७५ अंश दाखवणारा कूलर तिथे ८८ अंश दाखवील आणि तरीही त्यात काही बिघाड नसेल. म्हणून आपले तापमान दुसऱ्याच्या तापमानाशी ताडून पाहताना दोन्ही बाजूंनी खोलीचे तापमान वजा करावे आणि उरलेले अंतर तेवढे पाहावे. जानेवारीत ठीक चालणारा संगणक मे महिन्यात कुरकुरतो, याचेही कारण बऱ्याचदा एवढेच असते.

इथे एक आक्षेप हमखास येतो. कारण काही का असेना, ९५ अंश म्हणजे पाणी उकळायला आले, एवढ्या तापात प्रोसेसर जळणार नाही का? एके काळी ही भीती खरी होती. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालू संगणकातल्या प्रोसेसरवरून हीटसिंक काढून घेण्याचा प्रयोग चित्रित केला होता. एएमडीच्या अॅथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला, पेन्टियम ३ हँग झाला आणि पेन्टियम ४ने आपला वेग उतरवला, पण काम चालू ठेवले. आज सगळेच प्रोसेसर पेन्टियम ४च्या वाटेने जातात. मर्यादा गाठली की वेग कमी करतात आणि तरीही भागले नाही तर बंद पडतात. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास आहे, तर रायझन ७०००च्या बऱ्याच प्रोसेसरांची ९५ अंश. जास्त कोअरचे रायझन ७००० पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच टिकतील अशाच बेताने घडवले आहेत, हे एएमडीने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितले होते. अशा प्रोसेसरला चांगला कूलर लावला तरी आकडा ९५च राहू शकतो, वाढतो तो वेग. तेव्हा तापमानाचा सुटा आकडा पाहून निवाडा करता येत नाही. तापमान, वॅट, गिगाहर्ट्‌झमधला वेग आणि खोलीचे तापमान हे चार आकडे एकत्र पाहिले तरच चित्र स्पष्ट होते. मात्र यावरून बेफिकिरीही करू नये. जास्त तापमान आणि जास्त व्होल्टेज दीर्घकाळ एकत्र राहिले तर चिपमधल्या सूक्ष्म तारांची झीज वेगाने होते, आणि तापमान वाढले की वीज झिरपण्याचे प्रमाणही वाढते. मर्यादेवर क्षणभर जाणे आणि तासन्‌तास वेग उतरवून तिथेच अडकून राहणे यांत फरक करायला हवा.

आता तपासणीकडे वळू. एचडब्ल्यूइन्फोसारखे मोफत सॉफ्टवेअर उघडावे, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंच ही चाचणी दहा मिनिटे चालवावी आणि वरचे चार आकडे टिपत जावेत. पहिली खूण वॅटमध्ये मिळते. पूर्ण भाराखाली प्रोसेसर त्याच्या नेहमीच्या मर्यादेएवढे किंवा त्याहून जास्त वॅट घेत असेल आणि तापतही असेल, तर वाट बहुधा मोकळी आहे, फक्त तिच्यावर ओझे फार आहे. वॅट कमी असतानाच, समजा ६० वॅटवरच, पारा नव्वदीला टेकत असेल, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. दुसरी खूण वेळेत असते. आजच्या चिप इतक्या लहान आहेत की भार पडताच पहिल्या क्षणी पारा उडी घेणारच. पण ती उडी थेट मर्यादेपर्यंत गेली आणि तिथेच चिकटली, तर दोष चिप आणि कूलर यांच्या सांध्यात असण्याची शक्यता मोठी. उडी मध्यावर थांबली आणि मग पाच-दहा मिनिटे पारा हळूहळू चढत राहिला, तर दोष हवेत असतो. तिसरी खूण हाताला कळते. पंख्याच्या पात्यांपासून बोट दूर ठेवून कूलरचे पत्रे जपून चाचपावेत. चिप ९५ अंश दाखवत असताना पत्रे जेमतेम कोमट लागले, तर उष्णता कूलरपर्यंत पोहोचतच नाही. पत्रेही चांगलेच तापले असतील, तर कूलरने आपले काम केले आहे, पण त्याला पुरेशी गार हवा मिळत नाही.

सांध्यातला दोष इतका महागात का पडतो, हे आकड्यांतून नीट कळते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, साध्या थर्मल पेस्टची पाचच्या आसपास आणि हवेची ०.०२६. एक हजार चौरस मिलिमीटरच्या झाकणावर पाच शतांश मिलिमीटर जाडीचा पेस्टचा सलग थर असेल, तर १०० वॅटला त्यात जेमतेम एक अंश वाढतो. तेवढ्याच जाडीचा हवेचा थर असेल तर वाढ येते जवळपास १९० अंश. झाकणभर हवा कधीच अडकत नाही आणि उष्णताही झाकणभर सारखी पसरत नाही, तरी या दोन आकड्यांमधली दरी बोलकी आहे. पेस्ट ही धातूपेक्षा कितीतरी वाईट वाहक आहे. तिचे काम एवढेच की दोन पृष्ठभागांतल्या बारीक खाचखळग्यांतली हवा हटवायची. म्हणून भारी पेस्टने दोन-चार अंशांचा फायदा होतो, पण वाकडा बसलेला कूलर वीस-तीस अंशांचे नुकसान करतो. दोषही ठरलेले असतात: तळावरची प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी काढायची राहिलेली असते, एका कोपऱ्याची पिन मदरबोर्डमध्ये पूर्ण बसलेली नसते, स्क्रू आलटून-पालटून तिरके आवळण्याऐवजी एकाच बाजूने आवळलेले असतात, किंवा जुनी पेस्ट वाळून तिचे खवले झालेले असतात. जुन्या कूलरचे बसवणीचे साहित्य नव्या सॉकेटवर चालवून नेणे हाही एक दोष. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटभोवतीची भोके ७५ मिलिमीटर अंतरावर होती, एलजीए १७००ची ७८ मिलिमीटरवर आहेत आणि प्रोसेसरची उंचीही बदलली आहे. संगणक बंद करून प्लग काढावा, कूलर उतरवावा आणि त्याच्या तळावर पेस्टचा ठसा कसा उमटला आहे ते पाहावे. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कोरडा असा ठसा असेल तर निदान झालेच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसावेत, मध्यभागी मटारच्या दाण्याएवढी पेस्ट लावावी आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे-थोडे आवळत जावे.

हवेतला दोष शोधायला याहून सोपी परीक्षा आहे. भार चालू असतानाच कॅबिनेटची बाजूची पट्टी काढावी. पाच-दहा मिनिटांत तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर कूलर निर्दोष आहे आणि कॅबिनेटमध्ये हवा कोंडते आहे. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना कॅबिनेट ठेवायला तीन बाजूंनी बंद असलेला लाकडी कप्पा असतो. त्यात मागून बाहेर पडलेली गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा पुढून आत खेचली जाते. असे कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून ठेवणे हा फुकटचा आणि बऱ्याचदा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. धुळीचेही तसेच. पंखा वेगळा केल्याशिवाय त्याच्या मागे पत्र्यांच्या तोंडाशी साचलेला गालिच्यासारखा थर दिसत नाही. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग बिघडते. पुढून गार हवा आत आणि मागून-वरून गरम हवा बाहेर, ही दिशा पाळली आहे ना, हेही पाहावे. पंख्याचा वेग वाढवून सगळे भागेल असे समजू नये. वेग दुप्पट केला तर हवा साधारण दुप्पट होते, पण त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाजही बराच चढतो.

वाट मोकळी आहे आणि ओझेच जास्त आहे असे दिसले, तर आधी ओझ्याकडे पाहावे. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवले तर तेवढ्याच वेगाला लागणारी वीज सुमारे १९ टक्क्यांनी घटते. अनेक मदरबोर्ड बायोसमध्ये मूळ सेटिंग म्हणूनच विजेच्या मर्यादा सैल ठेवतात. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर संगणक अस्थिर होण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २०२४ मध्ये इंटेलने ठरलेल्या मर्यादा मूळ सेटिंग म्हणून ठेवण्याचा आग्रह धरला आणि जादा व्होल्टेज रोखणारे मायक्रोकोडचे बदलही दिले. म्हणून बायोस अद्ययावत करणे हादेखील तापमानावरचा उपाय आहे. रायझन ९ ७९५०एक्स मुळात २३० वॅटपर्यंत जातो. त्याला इको मोडमध्ये १४२ वॅटवर आणता येते, आणि वेगात होणारी घट विजेतल्या घटीच्या मानाने बरीच कमी असते, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठीच सर्वांत जास्त व्होल्टेज खर्ची पडते. ‘पैसे मोजून घेतलेली ताकद मग कमी का करायची?’ असे कोणी विचारील. ज्याचे काम व्हिडिओ किंवा थ्रीडी रेंडर करण्याचे आहे आणि ज्याला प्रत्येक मिनिट मोलाचे आहे, त्याच्या बाबतीत आक्षेप रास्त आहे, त्याने मोठा कूलर घ्यावा. पण जो तापल्यामुळे आपोआप वेग उतरवतो आहे त्या प्रोसेसरची ताकद आधीच वाया जाते आहे. व्होल्टेज मात्र टप्प्याटप्प्याने उतरवावे आणि प्रत्येक टप्प्यावर संगणक स्थिर राहतो याची खात्री करून घ्यावी.

एवढे करूनही पारा उतरला नाही, तर कूलर हाच अडथळा असण्याची शक्यता मोठी, आणि आता खरेदी करावी. चांगल्या टॉवर कूलरचा जीव असतो तो हीट पाइपमध्ये. १९६३ मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी हे तंत्र विकसित केले. तांब्याच्या निर्वात नळीत थोडे पाणी असते. तळाशी त्याची वाफ होते, वाफ पत्र्यांकडे धावते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून तळाशी परत येते. नुसत्या तांब्याच्या कांबीपेक्षा ही नळी कितीतरी पटींनी जास्त उष्णता वाहून नेते. ढोबळ हिशेब असा धरता येईल: प्रत्यक्षात ९० वॅटपर्यंत जाणाऱ्या प्रोसेसरला १२० मिलिमीटर पंख्याचा एकेरी टॉवर पुरतो, १५० वॅटच्या आसपास दुहेरी टॉवर घ्यावा आणि सतत २०० वॅटच्या वर काम असेल तरच ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरचा लिक्विड कूलर विचारात घ्यावा. खोली ३५ अंशांच्या वर राहत असेल तर एक पायरी वरची निवडावी.

लिक्विड कूलर म्हणजे सर्वांत उत्तम, हा समज पुष्कळांचा आहे. पाण्याची उष्णता साठवण्याची क्षमता मोठी असते, हे खरे. पण साठवणे म्हणजे घालवणे नव्हे. ३०० ग्रॅम पाणी धरले आणि रेडिएटरने काहीच उष्णता सोडली नाही असे मानले, तर २०० वॅट त्याला साधारण सहा सेकंदांत एक अंश तापवतात. म्हणजे साठ्याचा आधार फार तर काही मिनिटांचा. त्यानंतर सगळा भार पुन्हा रेडिएटरचे पत्रे, पंखे आणि खोलीतली हवा यांच्यावरच येतो. त्यामुळे छोट्या रेडिएटरचा लिक्विड कूलर चांगल्या दुहेरी टॉवरला मागे टाकतोच असे नाही. शिवाय पंप झिजतो आणि वर्षानुवर्षे नळ्यांतून पाणी किंचित झिरपत उडून जाते. टॉवरचा मात्र पंखा तेवढा बदलावा लागतो. लिक्विडची खरी जमेची बाजू अशी की तो उष्णता कॅबिनेटच्या कडेला नेऊन सोडतो आणि मोठ्या रेडिएटरला पत्र्यांचे क्षेत्रफळ भरपूर मिळते. ज्याला या दोन गोष्टींची गरज आहे त्याने तो जरूर घ्यावा.

खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. एएमडीच्या १०५ वॅट टीडीपीच्या प्रोसेसरला प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत मुभा असते, आणि इंटेलच्या आय९ १३९००केवर मूळ आकडा १२५ वॅटचा असला तरी टर्बोची मर्यादा २५३ वॅट आहे. कूलरवरचा ‘इतक्या वॅटपर्यंत’ हा दावाही किती अंशांची वाढ गृहीत धरून केला आहे हे कळल्याशिवाय निरर्थक असतो. विश्वास ठेवायचा तो आपण सिनेबेंच चालवून टिपलेल्या वॅटवर. दुसरी मोजदाद पट्टीने करायची. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा नावाजलेला दुहेरी टॉवर १६५ मिलिमीटर उंच आहे आणि पंख्यांसह त्याचे वजन १३०० ग्रॅमच्या वर जाते. अनेक कॅबिनेटमध्ये तो मावतच नाही, आणि रॅमच्या उंच पट्ट्या पंख्याच्या आड येतात. कॅबिनेटच्या माहितीत दिलेली कूलरच्या उंचीची मर्यादा पाहूनच मागणी नोंदवावी.

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सरळ मोठा कूलर घेऊन मोकळे व्हावे, असे ज्याला वाटते त्याच्या वेळेचीही किंमत आहे, हे मान्य केले पाहिजे. पण दोष कॅबिनेटमध्ये असेल तर मोठा कूलर तीच कोंडलेली गरम हवा फिरवत राहील. दोष बायोसमध्ये असेल तर मोकळे सुटलेले व्होल्टेज नव्या कूलरखालीही चिप झिजवत राहील. आणि दोष सांध्यात असेल तर नवा कूलर बसवताना केवळ पेस्ट बदलली म्हणून तापमान उतरेल आणि त्याचे श्रेय नव्या खरेदीला जाईल. एखाद्या विद्यार्थ्याच्या किंवा छोट्या व्यावसायिकाच्या संगणकावर कूलरचे पैसे असे वाया जाणे ही लहान गोष्ट नव्हे. ते पैसे रॅम किंवा एसएसडीकडे वळवता आले असते. चार आकडे टिपणे, पत्र्यांना हात लावून पाहणे, बाजूची पट्टी काढणे आणि पेस्टचा ठसा तपासणे एवढ्याला एक दुपार पुरते. त्या दुपारनंतरही जो कूलर विकत घेईल, त्याला तो कशासाठी हवा आहे आणि किती वॅटचा हवा आहे हे ठाऊक असेल, आणि त्याचे पैसे वाया जाणार नाहीत.